पांढऱ्या रेघेच्या अलीकडे

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं ‘कोरल पांढरं पडलं’ एवढ्या सांगण्यावरून काहीच कळत नाही. पांढरं पडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत कातडी जागच्या जागी असते, फक्त तिच्या आत राहून तिला अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळ निघून गेलेलं असतं. हे ब्लीचिंग. दुसरीत कातडीच सुटून जाते आणि चुन्याचा सांगाडा उघडा पडतो. पुस्तकी भाषेत ऊतींचा नाश. टाकी ठेवणारे ‘स्किन सोडतंय’ म्हणतात. पहिल्या तऱ्हेत हातात आठवडे असतात. दुसऱ्या तऱ्हेत कधी कधी एक रात्र.

ओळखायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. टाकीचे दिवे मालवून अर्धा तास जाऊ द्यावा आणि टॉर्च समोरून न मारता फांदीच्या बाजूने तिरपा धरावा. ब्लीच झालेल्या फांदीवर ओल्या काचेसारखी चकाकी दिसते, पॉलिपची, म्हणजे कोरलमधल्या एकेका चिमुकल्या जिवाची, बारीक बोटं हलताना दिसतात. कातडी गेलेल्या फांदीवर चकाकी नसते. प्रत्येक पॉलिपच्या घराची कड धारदार दिसते, कवड्या घासून ठेवल्यासारखी. त्यातूनही शंका राहिली तर दोन-तीन दिवस थांबा. उघड्या सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ चढतं. जिवंत कातडी, मग ती कितीही फिकट असो, ते चढू देत नाही. पण ज्याला शंका आहे त्याने थांबावं. ज्याला फांदीवरून ओल्या टिश्यू पेपरसारखे तुकडे सुटून प्रवाहात लोंबताना दिसताहेत, त्याने थांबू नये.

सराफ मंगळासाठी अंगठीत बसवून देतो ते पोवळं म्हणजे सांगाडाच. त्या लाल जातीची घडण आपल्या टाकीतल्या कोरलपेक्षा वेगळी, पण जिवंतपणी त्यावरही ओली साल होती, आणि ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली नाही. त्यामुळे पोवळं म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काहीतरी टणक, जपून न ठेवलं तरी टिकणारं येतं. अॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कोरलवरचा जीव जेमतेम काही मिलीमीटरांचा आहे, हे पचायला वेळ लागतो.

आता वेग. कातडी जाण्याच्या वेगावरून टाकीवाल्यांनी दोन नावं पाडली आहेत. आरटीएन म्हणजे झपाट्याने जाणारी: सकाळी धडधाकट दिसलेला गुच्छ रात्रीपर्यंत सांगाडा. एसटीएन म्हणजे रेंगाळत जाणारी: बुंध्यापासून वर, दिवसांच्या, आठवड्यांच्या हिशोबाने. ही रोगांची नावं नाहीत. ‘ताप’ म्हणजे जसं निदान नव्हे, तसंच हेही. पण काय करायचं ते वेगावरून ठरतं, म्हणून वेग मोजायला हवा, आणि तो नुसत्या डोळ्याने मोजता येत नाही. घाबरलेल्या माणसाला रेघ, म्हणजे कातडी आणि उघडा सांगाडा यांची सीमा, रोज पुढे सरकलेली दिसते. त्यासाठी सायनोअॅक्रिलेट जेलचा, म्हणजे सुपर ग्लूच्या दाट प्रकाराचा, ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका उघड्या सांगाड्यावर, कातडीच्या अगदी काठाला टेकवून ठेवा. फांदी पाण्यातून क्षणभर वर काढून लावला तर चांगला धरतो. चोवीस तासांनी त्याच उजेडात, त्याच कोनातून फोटो काढा. ठिपका आणि कातडी यांच्यात फट दिसली तर तेवढा वेग. दिवसाला मिलीमीटरच्या आत असेल तर आधी कारण शोधायला वेळ आहे. सेंटिमीटरभर असेल तर कारण नंतर, कटर आधी: निरोगी भाग कापून वेगळा काढायचा.

रेघ कुठून निघाली हेही वाचता येतं. बुंध्यापासून वर येत असेल तर पहिला संशय पाण्याच्या गुणांवर नव्हे, पाण्याच्या प्रवाहावर घ्यावा. गुच्छ वाढतो आणि स्वतःच्याच बुंध्यावरचा उजेड आणि प्रवाह अडवतो. खाली गाळ साचतो. दोन वर्षांपूर्वी बरोबर असलेली पंपाची दिशा आज चुकीची असते. टोकं पांढरी पडत असतील तर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) चढलेली आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकलेलं, असा जोड बहुतेकदा सापडतो. एकाच बाजूने जात असेल तर रात्री शेजाऱ्याकडे बघा. युफिलिया आणि गॅलेक्सिया या जातींचे कोरल दिवसा सभ्य दिसतात आणि रात्री वीतभर लांब डंखाचे धागे सोडतात. अधूनमधून गोलसर फिकट चट्टे असतील तर तो चावा आहे. अॅक्रोपोरा खाणारा चपटा किडा कातडीच्याच रंगाचा असतो, डोळ्यांना सापडत नाही. सापडतात ती त्याची तपकिरी-सोनेरी अंडी, बुंध्याजवळच्या उघड्या सांगाड्यावर थव्याने चिकटलेली. मॉन्टिपोरा या ताटलीसारख्या कोरलवर असाच धंदा करणारी पांढरी न्यूडिब्रँक गोगलगाय ताटलीच्या खालच्या बाजूला बसते आणि अंडीही तिथेच घालते.

यातलं काहीच नसेल आणि कातडी सगळीकडून जात असेल, तर पाण्याचे आकडे लिहून ठेवलेली वही उघडायची. वही नसेल तर आजपासून घालायची, पण मग या खेपेचं कारण बहुधा हाती लागणार नाही.

वहीत बघायचं ते आकडे बरोबर आहेत का, हे नाहीच. तीन आठवड्यांत ते किती हलले, हे बघायचं. अल्कलिनिटी 7.5 डीकेएचवर (हे तिचं माप) स्थिर ठेवलेल्या टाकीत कोरल मजेत असतात, 9 वर स्थिर ठेवलेल्या टाकीतही असतात. 7.5 वरून 9 वर एका दुपारी नेलेल्या टाकीत कातडी सुटते. आणि ही दुपार बहुतेकदा काळजीपोटीच येते. समजा चार फुटी टाकीत दगड-वाळू वगळून 200 लिटर पाणी आहे, अल्कलिनिटी 7.5. काहीतरी बिघडलंय असं वाटून 30 टक्के पाणी बदललं, आणि आणलेलं रीफ सॉल्ट, म्हणजे समुद्राचं पाणी बनवायचं मीठ, 12 डीकेएचचं निघालं. सात भाग 7.5 चे, तीन भाग 12 चे: झाले 8.85. तासाभरात 1.35 ची उडी. तेच 10 टक्के बदललं असतं तर 7.95 झालं असतं आणि कोणाला पत्ता लागला नसता. माझ्या मते दिवसाला अर्धा डीकेएच ही सोयीची हद्द आणि एक ही शेवटची.

वाढवायचीच असेल तर हिशोब असा. 200 लिटरला 1 डीकेएच वाढवायला साधारण 6 ग्रॅम खायचा सोडा लागतो. म्हणजे एका दिवशी 3 ग्रॅम, पाव लिटर शुद्ध पाण्यात पूर्ण विरघळवून, जिथे प्रवाह जोराचा आहे तिथे थेंब-थेंब. बेकिंग पावडर चालणार नाही. तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं, आणि हा गोंधळ वाटतो त्यापेक्षा जास्त घरांत होतो. चढलेली अल्कलिनिटी उतरवायला काही घालू नये. डोस बंद ठेवला की कोरल आपणच ती खातात.

बाकीचे आकडे झटपट: खारटपणा हजारात 35, तापमान 25 ते 26.5 अंश, पुढचे दशलक्षात: कॅल्शियम 400 ते 450, मॅग्नेशियम 1250 ते 1350, नायट्रेट 2 ते 10, फॉस्फेट 0.03 ते 0.1. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य करून चालत नाही, 35 च्या प्रमाण द्रावणावर लावून घ्यावा लागतो. टेस्ट किट मे महिन्यात खिडकीपाशी ठेवलं असेल तर त्याच्या आकड्यावर कटर उचलू नये.

इथे बडोद्यात या आकड्यांना हलवणाऱ्या गोष्टी ऋतूप्रमाणे बदलतात. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो आणि लोक टाकीवर पंखा लावतात. हवा कोरडी असते तोवर पंखा उत्तम; पाणी उडतं आणि दोन-तीन अंश सहज उतरतात. पण 200 लिटरमधून पाच लिटर पाणी उडालं की 35 चा खारटपणा 35.9 होतो, आणि संध्याकाळी कामावरून आलेला माणूस पाच लिटर गोडं पाणी एकदम ओततो. रोज एक भरती, एक ओहोटी. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवल्याशिवाय पंखा लावू नये. जुलैत तोच पंखा निकामी होतो, कारण हवा आधीच ओलावलेली; पाणी उडत नाही म्हणून गारवाही येत नाही. मे महिना निभावला म्हणून निर्धास्त झालेल्या टाक्या पावसाळ्यातल्या उघडिपीत आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात 29-30 वर जातात. पाणी गार करणाऱ्या चिलरचे पैसे वाचवायचे ठरवलं असेल तर फांद्यांचे कोरल ठेवू नयेत, एवढंच म्हणता येईल. उष्णतेने फक्त शेवाळच बाहेर पडतं असं नाही. कातडी विरघळवणाऱ्या विब्रिओ कोरॅलिलिटिकससारख्या जिवाणूंचा जोरही कोमट पाण्यात वाढतो.

मग जानेवारी. रात्री पारा 10-12 वर, हीटर लागतो, आणि एकच मोठा हीटर चालू अवस्थेत अडकला तर सकाळी टाकीचं सूप होतं. 200 वॉटचा एक घेण्यापेक्षा 100 वॉटचे दोन घ्यावेत आणि दोन्ही बाहेरच्या थर्मोस्टॅटवर ठेवावेत. त्याच महिन्यात उत्तरायण, पतंगांचा सण. 14 आणि 15 तारखेला सगळं शहर गच्चीवर असतं, मांजा तारांत अडकून लाइट जाते, आणि खाली दिवाणखान्यात बंद पडलेल्या पंपाकडे बघायला कोणी नसतं. साचलेल्या पाण्यात प्राणवायू संपायला काही तास पुरतात. घरच्या इन्व्हर्टरवर 15 वॉटचा एक वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) तेवढा वेगळ्या लाइनीने जोडून ठेवावा. 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीवर तो रात्रभर आरामात निघतो. चिलर त्यावर टाकू नये.

पाण्याचं म्हणाल तर आजवा तलावाचं असो की मही नदीचं, नळाचं पाणी टाकीत जाऊ नये. स्वयंपाकघरातलं आरओही नको. त्यात चव यावी म्हणून बहुतेक यंत्रांत थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. मीटरवर शून्य टीडीएस दाखवणारं, उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनमधून निघालेलं पाणीच लागतं. आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात साठवायचं नाही, कारण आपल्या पोटाला गुणकारी म्हटलेलं तांबं कोळंबीला आणि कोरलला विष आहे. डास मारायचं लिक्विड लावलेल्या खोलीत हवेचा पंप तीच हवा पाण्यात सोडतो. टाकीत खेकडे आणि कोळंब्या मासे ठीक असताना मरू लागल्या तर तिकडे आधी बघा.

मिठाबद्दल एक प्रश्न गुजरातेत नेहमी निघतो: एवढी मिठागरं असताना महागडं रीफ सॉल्ट कशाला? मिठागरात समुद्राचं पाणी आटत जातं तेव्हा आधी चुना बसतो, मग जिप्सम, मग मीठ धरतं. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम वरच्या कडू पाण्यात राहतात आणि ते पाणी वेगळं काढलं जातं. खडेमीठ म्हणजे समुद्रातून समुद्र वजा करून उरलेलं. कोरलला नेमकं ते वजा झालेलंच हवं असतं.

या शहराच्या मधोमध विश्वामित्री नदीच्या पाण्यात मगरी सुखाने राहतात. त्या पाण्याकडे बघितलं की दिवाणखान्यातला हा अर्ध्या डीकेएचचा नखरा थोडा हास्यास्पदही वाटतो.

कापायचं कसं, याबद्दल बोलू. सामान आधी मांडावं: हाडं कापायचा कटर, जेल ग्लू, चार-पाच फ्रॅग प्लग (तुकडा बसवायच्या छोट्या बैठका), टाकीच्याच पाण्याने भरलेल्या दोन बादल्या, हातमोजे आणि चष्मा. झोअँथिड (बटणासारखे मऊ पॉलिप) असलेल्या टाकीत चष्मा सक्तीचा. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं आणि कापताना चिळकांडी उडते. पंप बंद करावा म्हणजे सुटलेली कातडी शेजाऱ्यांवर जाऊन बसणार नाही, आणि अख्खा गुच्छ बाहेर बादलीत घ्यावा. आता रेघेवर कापायचं नाही. रेघेच्या अलीकडे, निरोगी दिसणाऱ्या कातडीत निदान एक, शक्य तर दोन सेंटिमीटर आत शिरून कापायचं. बहुतेक लोक इथे कंजुषी करतात. आज जिवंत दिसणारी ती दोन सेंटिमीटर रंगीत फांदी फेकवत नाही, आणि उद्या रेघ तिथूनच पुढे निघते. कटरचा एकच कडक दाब द्यावा. करकरत, चिरडत कापलं तर काठची कातडी फाटते. प्रत्येक कापानंतर कटर दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यावा.

तुकडा तीन-चार सेंटिमीटरचा पुरे. एकाच फांदीचे तीन-चार करावेत आणि जमल्यास एक दुसऱ्याच्या टाकीत ठेवायला द्यावा. ही मुदतठेव पुढे कामाला येते. कापलेल्या तोंडावर जेल ग्लू असा लावायचा की उघडा सांगाडा पूर्ण झाकला जाईल आणि ग्लू कातडीच्या काठावर मिलीमीटरभर चढेल. मग प्लगवर बसवून मध्यम प्रवाहात आणि आधीपेक्षा कमी उजेडात. आधी ती फांदी 300 पारमध्ये (पार हे उजेडाचं माप) होती म्हणून तुकडाही तिथेच, हा हट्ट नको. दोन आठवडे 100 ते 150 मध्ये राहू द्या.

डिप, म्हणजे औषधी पाण्यातली बुचकळी, कापल्यानंतर करायचा. 5 टक्क्यांचं लुगोल आयोडीन, टाकीच्या पाण्याच्या लिटरला 5 ते 10 थेंब, 10 मिनिटं, आणि अॅक्रोपोरासाठी थेंब खालच्या बाजूचे. मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुऊन टाकीत. डिपचं पाणी मोरीत, टाकीत कधीच नाही. किड्यांसाठीचे डिप वेगळे, आणि कोणताही डिप अंड्यांवर चालत नाही. अंडी सांगाड्यासकट कापून टाकावी लागतात, आणि तरीही दर पाच ते सात दिवसांनी निदान सहा आठवडे डिप चालू ठेवावा लागतो. तिसऱ्या डिपला किडा दिसला नाही म्हणून लोक थांबतात, आणि राहिलेली अंडी फुटतात.

मोठ्या मांसल पॉलिपच्या कोरलांचं, टॉर्च, हॅमर, गोनिओपोरा या जातींचं, दुखणं वेगळं दिसतं. त्यांच्या डोक्यावर तपकिरी, नासलेल्या फणसाच्या गरासारखा चिकट गोळा धरतो आणि टाकीबाहेर काढला की वास मारतो. ब्राउन जेली. त्यात सूक्ष्म केसाळ जीव लाखोंनी वळवळत असतात. तो गोळा ब्रशने उडवायचा नाही. पंप बंद, पातळ नळीने सायफन लावून गोळा थेट बादलीत ओढायचा, मग कोरल बाहेर काढून आजारी डोकं फांदीच्या देठावर खालून कापायचं. शेजारची डोकी वेगवेगळ्या देठांवर असतील तर वाचतात. एकाच भिंतीसारखा सांगाडा असेल तर आशा कमी.

अँटिबायोटिकचा मोह इथेच होतो. फ्लोरिडात 2014 पासून पसरलेल्या कातडी गळण्याच्या साथीत संशोधकांनी अॅमॉक्सिसिलिनचा लेप प्रत्यक्ष समुद्रातल्या कोरलवर लावला आणि त्याने कितीतरी गुच्छ तगले, हे खरं. पण तो लेप होता, रेघेवर लावलेला. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानातून कॅप्सूल आणून टाकीत रिकामी करणं ही वेगळी गोष्ट आहे. टाकीचं गाळण जिवाणूंवरच चालतं, ते मेले की अमोनिया चढतो. आणि नंतर पाणी बदलताना औषध मोरीतून कुठे जातं याचाही विचार करावा. मला विचाराल तर टाकीत कधीच नाही.

कार्बन (पाणी गाळायचा सक्रिय कोळसा) मात्र चालू करावा, कारण मरणाऱ्या कातडीतून बरंच काही पाण्यात उतरतं. 100 लिटरला 20 ग्रॅमने सुरुवात, आधी शुद्ध पाण्यात काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुऊन. बरेच महिने कार्बन नसलेल्या टाकीत तो एकदम घातला की पाण्याचा पिवळेपणा जाऊन उजेड खोलवर पोचतो, आणि आधीच दुखणाइत कोरलला ऊन लागतं. त्या आठवड्यात दिवे थोडे मंद ठेवा.

गेलेल्या गुच्छाच्या जागी नवा आणताना कागद बघावेत. 2001 साली आपल्या समुद्रातले सगळे दगडी कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. कच्छच्या आखातातून, जामनगरकडून ‘आणून देतो’ म्हणणारा माणूस वाघाच्या कातड्याएवढा गुन्हा विकतोय. परदेशातून आलेल्या दगडी कोरललाही साइट्सचे (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाने लागतात. त्याच आखातातल्या पिरोटन बेटाच्या बाजूला, 1982 साली राखीव झालेल्या सागरी उद्यानात, ओहोटीला गुडघाभर गढूळ पाण्यात जे कोरल दिसतात ते गोलमटोल, दगडासारखे पसरट; गाळ, मोठी भरती-ओहोटी आणि हिवाळा-उन्हाळ्यातला मोठा फरक ते सोसतात. पण तो फरक तिथे महिन्यांनी येतो. 200 लिटरच्या काचेत तोच फरक एका दुपारी येतो.

कापून, चिकटवून झालं की दोन आठवडे हात खिशात ठेवायचे. रोज एकाच वेळी अल्कलिनिटी, एक फोटो, बस्स. पहिले काही दिवस पॉलिप आतच राहतात, तुकडा चिकट स्राव सोडतो. त्यावरून काही ठरवू नये. बघायचा तो कातडीचा काठ. रेघ पुढे सरकते तेव्हा काठ कुरतडलेल्या कागदासारखा, पातळ आणि विरलेला असतो. थांबते तेव्हा तो आधी गोलसर होतो, जाड होतो, भाकरीच्या कडेसारखा थोडा फुगतो आणि उरलेल्या फांदीपेक्षा उजळ दिसू लागतो. त्यानंतर, कधी तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी, ग्लूचा ठिपका शोधायला जावं तर तो नेहमीच्या जागी सापडत नाही. टॉर्च तिरपा धरला की तिथे एक बारीकसा उंचवटा दिसतो, आणि त्यावरून ओली, रंगीत साल पलीकडे गेलेली असते.